लोगोची पार्श्वभूमी पारदर्शक कशी करायची? मोबाइलवरून पीएनजी लोगो बनवण्याची संपूर्ण माहिती



गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आमच्या मंडळाच्या टी-शर्टचं काम माझ्याकडे आलं. काळे टी-शर्ट, छातीवर मंडळाचा लोगो, एकूण ६० नग. लोगोची पांढरी पार्श्वभूमी मी रात्री बसून मोबाइलवर काढली, पुन्हा पुन्हा झूम करून पाहिली आणि प्रिंटिंगवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून दिली. चार दिवसांनी गठ्ठा उघडला तर प्रत्येक टी-शर्टवर लोगोभोवती भला मोठा पांढरा चौकोन!

मंडळाचे अध्यक्ष काका एवढंच म्हणाले, "अगं, हा पांढरा ठोकळा कसला?" मी प्रिंटिंगवाल्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुम्ही पाठवलं तेच छापलंय." आणि ते खरंच होतं. माझ्या मोबाइलमधली फाइल बरोबर होती, पण त्याच्यापर्यंत पोहोचलेली फाइल बरोबर नव्हती. पैसे वर्गणीचे होते, म्हणून जास्त लागलं.

तेव्हापासून हा विषय मी नीट समजून घेतला. पार्श्वभूमी काढणं हे अर्धंच काम आहे, ती काढलेली स्थिती शेवटपर्यंत टिकवणं हे उरलेलं अर्धं. बहुतेक जण (मीसुद्धा!) या दुसऱ्या अर्ध्यात फसतात. म्हणून या लेखात दोन्ही गोष्टी बघूया. सगळं मोबाइलवर करता येतं, कॉम्प्युटर लागत नाही.

पारदर्शक पार्श्वभूमी म्हणजे नेमकं काय?

कुठलाही डिजिटल फोटो म्हणजे बारीक बारीक ठिपक्यांची जाळी. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे साठवलेले असतात, प्रत्येकी ० ते २५५. तिन्ही २५५ असतील तर पांढरा, तिन्ही ० असतील तर काळा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पांढरा हासुद्धा एक रंगच आहे. कागदावर आपण पांढरं म्हणजे 'कोरं' समजतो, पण फाइलमध्ये तसं नसतं. पांढऱ्या पार्श्वभूमीचा लोगो काळ्या टी-शर्टवर ठेवला की तो पांढरा रंगही सोबत येतो.

'इथे काहीच नाही' हे सांगायला चौथा आकडा लागतो. त्याला अल्फा म्हणतात. अल्फा ० असेल तर तो पिक्सेल पूर्ण पारदर्शक, म्हणजे मागचं सगळं दिसणार. २५५ असेल तर पूर्ण अपारदर्शक. मधला आकडा असेल तर अर्धवट, धुक्याच्या काचेसारखा. ही कल्पना १९७० च्या दशकाच्या शेवटी एल्व्ही रे स्मिथ आणि एड कॅटमल या संगणक-चित्रांवर काम करणाऱ्या दोघांनी मांडली.

म्हणजे पार्श्वभूमी काढणं याचा अर्थ काय? लोगोबाहेरच्या सगळ्या पिक्सेलचा अल्फा ० करणं. बस. कुठलंही अ‍ॅप घ्या, आतून ते हेच करतं.

जेपीजी, पीएनजी, वेबपी: कोणत्या फाइलमध्ये काय टिकतं?

हा चौथा आकडा सगळ्या प्रकारच्या फाइलमध्ये साठवता येत नाही, आणि खरी गोम इथेच आहे.

- जेपीजी: १९९२ साली प्रमाणित झालेला हा प्रकार कॅमेऱ्याच्या फोटोंसाठी बनवलेला आहे. यात अल्फाला जागाच नाही. पारदर्शक लोगो जेपीजी म्हणून सेव्ह केला की रिकाम्या जागी पांढरा किंवा काळा रंग भरला जातो.
- जीआयएफ: १९८९ च्या आवृत्तीपासून यात पारदर्शकता आहे, पण पिक्सेल एक तर पूर्ण पारदर्शक, नाही तर पूर्ण अपारदर्शक. मधलं काही नाही, त्यामुळे गोलाईच्या कडा दातेरी दिसतात. शिवाय रंग जास्तीत जास्त २५६.
- पीएनजी: लोगोसाठी हाच वापरायचा. अल्फाचे ० ते २५५ असे सगळे टप्पे यात मावतात आणि सेव्ह करताना चित्राची गुणवत्ता कमी होत नाही. याच्या जन्माची गोष्ट गमतीशीर आहे. डिसेंबर १९९४ मध्ये जीआयएफच्या तंत्रावरच्या पेटंटसाठी पैसे मागितले जाणार अशी घोषणा झाली, तेव्हा वैतागलेल्या प्रोग्रॅमर लोकांनी जानेवारी १९९५ पासून इंटरनेटवर चर्चा करून नवा मोफत प्रकार तयार केला. १ ऑक्टोबर १९९६ रोजी त्याचे नियम अधिकृतपणे प्रसिद्ध झाले.
- वेबपी: गूगलने २०१० मध्ये आणलेला प्रकार. यातही पारदर्शकता टिकते आणि फाइल लहान होते. व्हॉट्सअ‍ॅपचे स्टिकर वेबपीच असतात. पण प्रिंटिंगच्या दुकानात वेबपी दिली तर 'उघडत नाही' असं उत्तर मिळू शकतं.
- एसव्हीजी आणि सीडीआर: यांत पिक्सेल नसतात, आकार रेषांच्या गणिताने साठवलेले असतात. कितीही मोठं करा, फुटत नाही. आपल्याकडे फ्लेक्सवाले 'सीडीआर फाइल आहे का?' असं विचारतात ते याचसाठी. सीडीआर ही कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरची फाइल.

एक भ्रम आधीच दूर करते. फाइलच्या नावातलं 'जेपीजी' पुसून 'पीएनजी' लिहिलं म्हणून ती पारदर्शक होत नाही. डब्यावरचं लेबल बदललं म्हणून आतल्या डाळीचा तांदूळ होत नाही. स्क्रीनशॉटचंही तसंच. बऱ्याच फोनमध्ये स्क्रीनशॉट पीएनजी म्हणून सेव्ह होतो, पण तो पारदर्शक नसतो. पडद्यावर जे दिसत होतं, पार्श्वभूमीसकट, तेच त्यात येतं.

सुरुवात करण्यापूर्वी हे तपासा

१. मूळ फाइल शोधा. ज्याने लोगो बनवला त्याच्याकडे बहुतेकदा पारदर्शक पीएनजी किंवा सीडीआर असते. एक फोन करा, तासाभराचं काम वाचेल. आमच्या मंडळाचा लोगो ज्या दादाने केला होता त्याच्याकडे मूळ फाइल होती. मला विचारायचं सुचलंच नाही!

२. आकार बघा. गॅलरीत फोटो उघडून त्याची माहिती बघा. ३००० × ३००० असे आकडे दिसतील, ते पिक्सेल. टी-शर्टसारख्या छपाईसाठी साधारण एका इंचाला ३०० पिक्सेल धरतात. छातीवर १० इंच रुंद लोगो हवा असेल तर ३००० पिक्सेल रुंदी हवी. व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीतून घेतलेला ६०० पिक्सेलचा लोगो नीट छापला तर जेमतेम २ इंच होतो. तो ताणून १० इंच केला की अक्षरं फुटणार.

३. खोट्या चौकड्यांपासून सावध. पारदर्शक जागा दाखवण्यासाठी अ‍ॅप्स राखाडी-पांढऱ्या चौकड्या दाखवतात. पण इंटरनेटवर अशी कितीतरी चित्रं आहेत ज्यांत या चौकड्या चित्रातच रंगवलेल्या असतात. एआयने बनवलेल्या चित्रांतही हा प्रकार दिसतो. ओळखायचं कसं? डाउनलोड केल्यावर गॅलरीतही चौकड्या दिसल्या तर समजा की त्या खोट्या असण्याची शक्यता जास्त. खऱ्या पारदर्शक जागी गॅलरी साधारणपणे एकसंध काळा किंवा पांढरा रंग दाखवते.

४. लोगो कोणाचा आहे? स्वतःचा, मंडळाचा, कॉलेजच्या ग्रुपचा किंवा घरच्या व्यवसायाचा असेल तर बिनधास्त. दुसऱ्या कंपनीचा लोगो काढून आपल्या वस्तूवर छापून विकणं हा ट्रेडमार्कचा भंग होतो. पार्श्वभूमी बदलली तरी मालक बदलत नाही.

मोबाइलवर पार्श्वभूमी काढण्याच्या ४ पद्धती

पद्धत १: फोनची स्वतःची सोय

आयफोन एक्सएस, एक्सआर किंवा त्यानंतरचा असेल आणि त्यात आयओएस १६ किंवा पुढची आवृत्ती असेल, तर फोटोज अ‍ॅपमध्ये चित्र उघडून मुख्य वस्तूवर बोट दाबून धरा. कडेने चकाकी फिरेल. मग 'शेअर' करून सेव्ह करा. सॅमसंगच्या बऱ्याच गॅलक्सी फोनमध्ये वन यूआय ५.१ पासून गॅलरीत अशीच सोय आहे.

पण ही सोय माणसं, प्राणी, वस्तू ओळखण्यासाठी बनवलेली आहे. लोगो तिला कधी कळतो, कधी नाही. स्टिकर किंवा स्टेटससाठी ठीक. छपाईसाठी मी वापरत नाही.

पद्धत २: एआय वेबसाइट आणि अ‍ॅप्स

रिमूव्ह डॉट बीजी, फोटोरूम, अडोबी एक्सप्रेस यांसारख्या ठिकाणी चित्र टाकलं की काही सेकंदांत पार्श्वभूमी गायब होते. झटपट कामासाठी उत्तम. मात्र तीन गोष्टी बघा.

- मोफत मिळणारी फाइल पूर्ण आकाराची आहे का? काही ठिकाणी मोफत फक्त पाव मेगापिक्सेलची, म्हणजे साधारण ६२५ × ४०० पिक्सेलची फाइल मिळते आणि मोठीसाठी पैसे मागतात.
- कोपऱ्यात त्यांचा वॉटरमार्क येतोय का?
- चित्र त्यांच्या सर्व्हरवर जातं. मंडळाच्या लोगोला काही होत नाही, पण सही, शिक्का किंवा ओळखपत्राचा फोटो अशा ठिकाणी टाकू नका.

पद्धत ३: रंग निवडून खोडणारी अ‍ॅप्स

अँड्रॉइडवर 'बॅकग्राउंड इरेजर' प्रकारची अ‍ॅप्स आहेत. त्यांत 'ऑटो' निवडून पांढऱ्या भागावर बोट ठेवलं की त्या रंगाला लागून असलेले सारखे पिक्सेल खोडले जातात. किती 'सारखे' ते पट्टी सरकवून ठरवायचं. जास्त खोडलं गेलं तर 'रिपेअर'ने परत आणायचं.

बॅनर बनवणाऱ्या आपल्या मुलांच्या फोनमध्ये असणारं पिक्सेललॅब हेही करतं. त्यात चित्रातला एक रंग निवडून पारदर्शक करता येतो. आणि त्याचा याहून मोठा उपयोग असा की तुमचा लोगो म्हणजे फक्त नाव असेल, तर पार्श्वभूमी काढण्याच्या भानगडीत पडूच नका. पार्श्वभूमी आधीच 'ट्रान्सपरंट' निवडा, नाव नव्याने टाइप करा, मोठ्या आकारात पीएनजी सेव्ह करा. जुना खराब फोटो साफ करत बसण्यापेक्षा हे कधीही चांगलं.

पद्धत ४: फोटोपिया (माझी आवडती)

फोटोपिया डॉट कॉम ही मोफत वेबसाइट ब्राउझरमध्ये जवळजवळ फोटोशॉपसारखं काम करते. इव्हान कुत्सकिर या एका प्रोग्रॅमरने ती बनवली आहे. चित्र तुमच्याच फोनमध्ये राहतं, सर्व्हरवर अपलोड होत नाही. मोबाइलवर बटणं बारीक दिसतात, म्हणून फोन आडवा धरा. पायऱ्या अशा:

१. 'फाइल' मेनूतून 'ओपन' करून लोगो उघडा.
२. लेयरच्या यादीत 'बॅकग्राउंड' नावापुढे कुलूप दिसलं तर त्यावर दोनदा टॅप करून ते काढा.
३. डावीकडच्या साधनांतून जादूची कांडी, म्हणजे 'मॅजिक वाँड' निवडा. दिसत नसेल तर सिलेक्शनच्या चिन्हावर बोट दाबून धरा, आतली यादी उघडेल.
४. वरच्या पट्टीत 'टॉलरन्स' हा आकडा असतो. किती वेगळ्या छटेपर्यंत निवडायचं ते यावरून ठरतं. ३० च्या आसपासपासून सुरुवात करा. 'कंटिग्युअस' चालू ठेवा, म्हणजे टॅप केलेल्या जागेला लागून असलेलाच पांढरा निवडला जाईल.
५. लोगोबाहेरच्या पांढऱ्यावर टॅप करा. कडेने तुटक रेषा फिरताना दिसेल.
६. 'सिलेक्ट' मेनू, 'मॉडिफाय', 'एक्सपांड' आणि आकडा १. हे का करायचं ते खाली सांगते.
७. 'एडिट' मेनूतून 'कट' करा. पांढरं जाऊन चौकड्या दिसतील. या मात्र खऱ्या!
८. 'इमेज' मेनूतून 'ट्रिम' करा, म्हणजे आजूबाजूची फालतू रिकामी जागा कापली जाईल. नाही तर छापताना लोगो एका बाजूला सरकलेला वाटतो.
९. 'फाइल', 'एक्सपोर्ट अ‍ॅज', 'पीएनजी'. झालं.

मराठी लोगोत हमखास होणाऱ्या चुका

इंग्रजीतल्या व्हिडिओंत हे कोणी सांगत नाही, कारण त्यांना हा त्रास नसतो.

अनुस्वार उडणं. एआयचं साधन मुख्य आकार शोधतं आणि बाजूचा सुटा ठिपका कचरा समजून टाकून देऊ शकतं. इंग्रजीत 'आय' या छोट्या अक्षराचा ठिपका गेला तरी लोक वाचून घेतात. आपल्याकडे 'रंग'चा 'रग' होतो आणि 'चिंच'ची 'चिच'! शिरोरेखेला चिकटलेल्या मात्रा, वेलांट्या वाचतात. सुटे असतात ते अनुस्वार, चंद्रबिंदू आणि विसर्ग. लोगोखाली बारीक अक्षरात 'स्थापना' आणि साल लिहिलेलं असेल तर तेही जाऊ शकतं. म्हणून एआय वापरल्यावर मूळ लोगो शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा.

अक्षरांच्या पोटात पांढरं राहणं. देवनागरीत शिरोरेखेमुळे बंद जागा भरपूर होतात. 'क', 'व', 'ब', 'ष' यांची पोटं तर बंदच असतात, शिवाय 'प' आणि 'म' यांनाही वरून शिरोरेखेचं झाकण बसतं. 'कंटिग्युअस' चालू असताना बाहेर टॅप केलं की बाहेरचं पांढरं जातं, आतलं तसंच राहतं. पांढऱ्या पानावर ते कळत नाही. काळ्या टी-शर्टवर प्रत्येक अक्षरात पांढरा तांदूळ अडकल्यासारखा दिसतो. उपाय: वरच्या पट्टीतून 'निवडीत भर घाला' हा प्रकार घेऊन प्रत्येक पोटात एकेकदा टॅप करा.

हवं असलेलं पांढरंही जाणं. ही वरच्या चुकीची उलटी बाजू. कंटाळा आला म्हणून 'कंटिग्युअस' बंद केलं की एका टॅपमध्ये सगळीकडचं पांढरं निवडलं जातं. आमच्या लोगोत मोदक होता. त्याचं पांढरंही गेलं असतं तर काळ्या टी-शर्टवर काळा मोदक आला असता. आधी ठरवा, लोगोतलं कोणतं पांढरं पार्श्वभूमीचं आणि कोणतं लोगोचं. हा निर्णय अ‍ॅप घेऊ शकत नाही, तो तुम्हीच घ्यायचा.

कडेला पांढरी झालर का राहते?

लाल अक्षर पांढऱ्यावर असेल तर झूम करून बघा. लाल आणि पांढऱ्याच्या मधे एक-दोन पिक्सेल गुलाबी असतात. कडा गुळगुळीत दिसावी म्हणून मुद्दाम तसे मिसळलेले असतात. पार्श्वभूमी काढताना शुद्ध पांढरं जातं, पण हे गुलाबी मागे राहतात. गडद रंगावर ठेवलं की तीच झालर चमकते. वर सहाव्या पायरीत निवड १ पिक्सेलने वाढवली ती हे गुलाबी पिक्सेल खाण्यासाठी. मात्र लोगो लहान आणि रेषा बारीक असेल तर १ पिक्सेलनेही अक्षर कृश होतं. म्हणून शक्य तितकी मोठी फाइल घ्या.

दुसरं कारण जेपीजी. हा प्रकार चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे करून फाइल दाबतो. अक्षराजवळच्या तुकड्यांत त्यामुळे डाग उमटतात. डोळ्यांना पांढरं दिसतं, पण आकड्यांत कुठे २५५, कुठे २४८, कुठे २५१. कांडीला हे वेगळे रंग वाटतात आणि ती ठिपके मागे ठेवते. टॉलरन्स थोडा थोडा वाढवत जा. एकदम वाढवला तर फिकट पिवळा, फिकट केशरी असे लोगोचे खरे रंगही जातील.

पाठवण्यापूर्वी: दोन रंगांची चाचणी

गॅलरीत पाहून निर्णय घेऊ नका. एखाद्या गॅलरीची पार्श्वभूमी काळी असते, एखादीची पांढरी, आणि दोन्ही फसवतात. मी आता प्रत्येक लोगो दोनदा तपासते.

कॅनव्हाच्या मोफत खात्यात कोरं पान उघडा, त्याला गडद काळा रंग द्या आणि तुमची पीएनजी त्यावर ठेवा. झालर, ठिपके, अक्षरांच्या पोटातलं पांढरं इथे लगेच दिसेल. मग पान भडक केशरी किंवा हिरवं करा. पहिल्या चाचणीत काळे डाग लपले असतील तर ते आता दिसतील. ज्या रंगावर छापायचं आहे त्या रंगावर तर नक्कीच ठेवून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

सगळ्यात मोठी चूक: फाइल पाठवताना

आता माझ्या पांढऱ्या ठोकळ्याकडे येते.

मी लोगो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना तो दाबून जेपीजी करतं. जेपीजीत अल्फाला जागा नाही, म्हणून रिकाम्या जागी पांढरा रंग भरला गेला. 'एचडी' निवडलं तरी हेच होतं, फक्त फोटो मोठा जातो. समोरच्याने ती फाइल परत पीएनजी करून घेतली तरी उपयोग नाही. गेलेला अल्फा परत येत नाही.

त्यात आमची छपाई डीटीएफ होती. या पद्धतीत डिझाइन आधी फिल्मवर छापतात आणि उष्णतेने कापडावर चिकटवतात. गडद कापडावर रंग उठून दिसावेत म्हणून रंगांच्या खाली पांढऱ्या शाईचा थर असतो. त्यामुळे फाइलमधला पांढरा चौकोन मशीनने अगदी इमानदारीने छापला. याच कारणाने डीटीएफमध्ये अर्धवट पारदर्शक सावल्या, धूसर कडाही नीट येत नाहीत. लोगोला सावली दिलेली असेल तर ती काढूनच फाइल द्या.

मग पाठवायचं कसं?

- व्हॉट्सअ‍ॅप: जोडणीच्या चिन्हावर टॅप करून 'डॉक्युमेंट' निवडा आणि तिथून पीएनजी घ्या. गॅलरीतून नाही. चॅटमध्ये फाइलचं नाव आणि आकार दिसला तर बरोबर गेली.
- टेलिग्राम: 'फाइल' म्हणून पाठवा.
- ईमेल किंवा गूगल ड्राइव्ह: दोन्हीत मूळ फाइल जशीच्या तशी जाते. ड्राइव्हची लिंक देताना समोरच्याला उघडण्याची परवानगी दिली आहे ना ते बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रिंटिंगवाल्याला त्याच्याकडे पोहोचलेली फाइल टी-शर्टच्या रंगावर ठेवून एक फोटो पाठवायला सांगा. 'आधी एकच पीस काढून दाखवा, मग बाकीचे करा' असंही सांगता येतं. मी हे एक वाक्य बोलले असते तर ६० ऐवजी एकच टी-शर्ट वाया गेला असता.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कागदावरच्या जुन्या लोगोचा फोटो आहे, चालेल का?
चालेल, पण फोटोत सावली येते आणि कागद सगळीकडे सारखा पांढरा राहत नाही. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फोन कागदाला समांतर धरून फोटो काढा. मग ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट वाढवून कागद शक्य तितका पांढरा करा आणि त्यानंतरच पार्श्वभूमी काढा.

व्हॉट्सअ‍ॅप स्टिकर बनवायचा असेल तर?
५१२ × ५१२ पिक्सेलचा वेबपी लागतो आणि साध्या स्टिकरची फाइल १०० केबीच्या आत हवी. स्टिकर बनवणारी अ‍ॅप्स हे रूपांतर स्वतः करतात. तुम्ही फक्त चांगली पारदर्शक पीएनजी द्या.

माझा लोगो पूर्ण पांढरा आहे. सेव्ह केल्यावर काहीच दिसत नाही!
घाबरू नका, फाइल बहुतेक ठीक आहे. पांढऱ्या पडद्यावर पांढरा लोगो दिसणारच नाही. गडद रंगावर ठेवून बघा. खरं तर प्रत्येक लोगोच्या दोन पीएनजी ठेवाव्यात, एक फिकट पार्श्वभूमीसाठी आणि एक गडदसाठी.

दुकानाच्या बोर्डासाठी पीएनजी पुरेल का?
आठ-दहा फुटांच्या फ्लेक्ससाठी सीडीआर किंवा एसव्हीजी असेल तर उत्तम. नसेल तर कॉम्प्युटरवर इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'ट्रेस बिटमॅप' वापरून लोगोचं रेषांमध्ये रूपांतर करता येतं. अक्षरं मात्र ट्रेस करण्यापेक्षा त्याच फाँटमध्ये नव्याने टाइप केलेली बरी, जोडाक्षरांच्या कडा स्वच्छ येतात.

फाइल कुठे जपून ठेवायची?
गॅलरीच्या भरवशावर राहू नका, फोन बदलला की जाते. ड्राइव्हवर एक फोल्डर करा आणि त्यात मूळ फाइल, पारदर्शक पीएनजी आणि गडद रंगासाठीची पीएनजी अशा तिन्ही ठेवा. मंडळ असेल तर फोल्डर दोघातिघांना शेअर करून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी ज्याच्यावर काम येईल त्याला शोधाशोध करावी लागणार नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

मोठी फाइल घ्या, पार्श्वभूमी काढा, अनुस्वार आणि अक्षरांची पोटं तपासा, पीएनजी सेव्ह करा, काळ्या आणि भडक रंगावर ठेवून बघा, आणि डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. यातली एक पायरी गाळली तरी मधेच कुठेतरी पांढरा ठोकळा परत येतो.

आमच्या त्या ६० टी-शर्टचं काय झालं? काकांनी ते फेकू दिले नाहीत. मिरवणुकीत सगळ्यांनी तेच घातले, आणि दिवसभर मला 'ठोकळेवाली' म्हणून हाक मारून घ्यावी लागली. या वर्षीचे टी-शर्टही माझ्याकडेच आले. या वेळी फाइल डॉक्युमेंट म्हणून गेली, आधी एक पीस आला, काकांनी तो उजेडात धरून पाहिला, मोदक पांढरा आहे ना, अनुस्वार जागेवर आहे ना ते तपासलं, आणि मगच बाकीचे छापायला सांगितले.

तुमच्या लोगोत कुठली अडचण आली तर आधी वरची काळ्या रंगाची चाचणी करून बघा, बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते. आणि टी-शर्टची ऑर्डर देणारा एखादा मित्र असेल तर त्याला हे छपाईच्या आधी नक्की सांगा!